भरून ठेवलेल्या मॅगझिनची स्प्रिंग खरोखर बसते का?

नेमबाजी करणाऱ्या चार जणांत हा विषय निघाला की हमखास दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे की मॅगझिन, म्हणजे काडतुसे भरून शस्त्राला लावायचे खोके, महिनोन्महिने भरलेले राहिले तर त्याची स्प्रिंग बसते, म्हणून अधूनमधून ते रिकामे करून स्प्रिंगला विश्रांती द्यावी. दुसरा तट ही निव्वळ अफवा मानतो. स्प्रिंग झिजते ती भरण्या-रिकामी करण्याने, नुसती दाबून ठेवल्याने तिला काहीही होत नाही, असे तो सांगतो. माझे मत दुसऱ्या तटाकडे झुकते, पण ‘काहीही होत नाही’ हे शब्द मी वापरणार नाही. थोडे काहीतरी होते; ते किती होते, हे मॅगझिनची रचना आणि भरलेल्या काडतुसांची संख्या यांवर ठरते, आणि बहुतेक वेळा मॅगझिन निकामी होते ते स्प्रिंगखेरीज दुसऱ्याच भागामुळे. हे एकदा लक्षात आले की कोणते मॅगझिन भरून ठेवावे, किती भरावे, कधी तपासावे आणि कधी टाकून द्यावे, हे ज्याचे त्याला ठरवता येते.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. भरलेले मॅगझिन घरात ठेवता येते की नाही, शस्त्र आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावी लागतात की नाही, याचे नियम ठिकाणागणिक बदलतात. आपला कायदा आणि परवान्याच्या अटी जे सांगतात ते आधी, आणि खालचे सगळे त्यानंतर.

स्प्रिंगच्या तारेत नेमके काय घडते

रॉबर्ट हूकने 1678 मध्ये मांडलेला नियम शाळेत सर्वांनी वाचलेला असतो: स्प्रिंग जितकी दाबावी तितक्या प्रमाणात ती उलट जोर लावते. या नियमाला एक हद्द आहे. तारेवरचा ताण स्थितिस्थापकतेच्या मर्यादेच्या आत असेल तर जोर काढताच स्प्रिंग मूळ लांबीवर येते. मर्यादा ओलांडली की ती कायमची आखूड होते. कारखान्यातला मिस्त्री ज्याला ‘स्प्रिंग बसली’ म्हणतो, ती ही अवस्था.

मर्यादेच्या आत राहूनही स्प्रिंगचा जोर कमी होण्याच्या दोन वाटा आहेत आणि वादात त्यांची नेहमी गल्लत होते. पहिली वाट म्हणजे धातूचा थकवा. तार पुन्हा पुन्हा ताणली आणि सैल केली, की तिच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या ओरखड्यापासून सूक्ष्म तडा सुरू होतो आणि हजारो आवर्तनांनंतर तो वाढत जाऊन तार तुटते. 19व्या शतकाच्या मध्यात ऑगस्ट वोलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून हे दाखवून दिले. थकव्याला हालचाल लागते; स्थिर दाबलेल्या स्प्रिंगमध्ये आवर्तनच नसल्यामुळे ही वाट तिथे बंद असते. दुसरी वाट म्हणजे ताण शिथिल होणे. धातू एकाच स्थितीत दाबून ठेवला तर त्याच्या अंतर्गत रचनेत अत्यंत सूक्ष्म सरकासरकी होते आणि तितक्याच लांबीवर दाबलेली स्प्रिंग कालांतराने किंचित कमी जोर लावू लागते. वर्षभर भरलेल्या मॅगझिनमध्ये काही घडत असेल तर ते हेच.

या शिथिलतेच्या तीन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. ती सुरुवातीला वेगाने होते आणि मग मंदावत जाते, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत जेवढा जोर जातो तेवढा पुढच्या कितीतरी महिन्यांत जात नाही. नवी स्प्रिंग पहिल्यांदा पूर्ण दाबली की किंचित आखूड होते आणि मग तिथेच स्थिरावते, ते यामुळेच. चांगले उत्पादक स्प्रिंग बसवण्यापूर्वी स्वतःच ती पूर्ण दाबून हा हप्ता वसूल करून घेतात. दुसरे म्हणजे ती तापमानाबरोबर वाढते. पियानोच्या तारेच्या जातीचे उच्च-कार्बन पोलाद सुमारे 120 अंश सेल्सियसपर्यंत आणि स्प्रिंगसाठी वापरले जाणारे नेहमीचे स्टेनलेस पोलाद सुमारे 260 अंशांपर्यंत वापरण्याजोगे मानले जाते. राहत्या खोलीचे तापमान यांच्या आसपासही येत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की स्प्रिंग आपल्या मर्यादेच्या जितकी जवळ दाबलेली असेल तितकी शिथिलता जास्त. मर्यादेच्या बरीच आत काम करणारी स्प्रिंग वर्षानुवर्षे दाबून ठेवली तरी जाणवण्याइतकी बसत नाही; अगदी काठावर दाबलेली स्प्रिंग मात्र बसते.

बंद उभ्या असलेल्या मोटारीच्या इंजिनाचे उदाहरण घ्या. इंजिन कोणत्याही स्थितीत थांबले तरी अनेक सिलिंडर असलेल्या इंजिनात काही व्हॉल्व्ह उघडे राहतातच, म्हणजे त्यांच्या स्प्रिंगा जास्त दाबलेल्या असतात. गाडी दोन वर्षे उभी राहिली म्हणून कोणी त्या स्प्रिंगा बदलत नाही.

रिकामे मॅगझिन म्हणजे विश्रांती नव्हे

विश्रांतीचा सल्ला देणाऱ्यांनी एकदा मॅगझिन उघडून पाहावे, असे मला नेहमी वाटते. बेसप्लेट, म्हणजे बुडाची झाकणपट्टी, सरकवली की स्प्रिंग उसळून बाहेर येते आणि मॅगझिनच्या खोक्यापेक्षा बरीच लांब असते. याचा अर्थ मॅगझिन पूर्ण रिकामे असतानाही ती चांगलीच दाबलेली असते; तशी नसती तर शेवटचे काडतूस वर ढकलायला तिच्यात जोरच उरला नसता.

समजा, 15 काडतुसांच्या मॅगझिनची मोकळी स्प्रिंग 25 सेंटिमीटर आहे, रिकाम्या मॅगझिनमध्ये ती 12 सेंटिमीटरवर आणि भरलेल्या मॅगझिनमध्ये 4 सेंटिमीटरवर येते. म्हणजे रिकामे असताना ती 13 सेंटिमीटर दाबलेली आहे आणि भरलेले असताना 21. हूकच्या नियमाप्रमाणे जोर दाबाच्या प्रमाणात, म्हणून रिकाम्या मॅगझिनमध्येही स्प्रिंग पूर्ण भाराच्या सुमारे 62 टक्के भार सोसत बसलेली आहे. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. आपल्या मॅगझिनचे स्वतः मोजून पाहावेत. प्रमाण थोडे बदलेल, पण स्प्रिंग मोकळी पडलेली सहसा आढळणार नाही.

शिवाय धातूला झोप घेऊन ताजेतवाने होता येत नाही. जी लांबी गेली ती गेली; महिनाभर मोकळी ठेवल्याने ती परत येत नाही. म्हणून दोन संच ठेवून दर महिन्याला त्यांची अदलाबदल करण्यात स्प्रिंगचा फायदा काहीच होत नाही, उलट दर खेपेला एक पूर्ण आवर्तन तिच्या खात्यावर जमा होते. प्रामाणिकपणे सांगायचे तर वर्षाकाठी 12 आवर्तनेही स्प्रिंगच्या दृष्टीने किरकोळच आहेत. खरा तोटा निराळा आहे: प्रत्येक वेळी काडतुसे हाताळली जातात, फीड लिप्सवरून (काडतुसे धरून ठेवणाऱ्या, मॅगझिनच्या तोंडाच्या आत वळलेल्या कडांवरून) घासली जातात, एखादे हातातून पडते, आणि ज्याला हे काम शस्त्रासकट करण्याची सवय आहे त्याच्या हातून चूक होण्याची एक संधी वाढते.

पहिली पायरी: आपले मॅगझिन कोणत्या जातीचे, ते ओळखणे

सर्व मॅगझिनांना एकच नियम लावता येत नाही, म्हणून आधी जात ओळखावी. एका रांगेत 7 किंवा 8 काडतुसे घेणाऱ्या जुन्या घडणीच्या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये स्प्रिंगला भरपूर जागा असते आणि ती मर्यादेच्या बरीच आत राहते. 1911 या प्रसिद्ध पिस्तुलाचे मूळ 7 काडतुसांचे मॅगझिन याचा उत्तम नमुना आहे. पुढे त्याच आकाराच्या खोक्यात 8 काडतुसे बसवणारी मॅगझिने निघाली, तेव्हा फॉलोअरची (स्प्रिंगच्या डोक्यावर बसून काडतुसे वर ढकलणाऱ्या तुकड्याची) उंची आणि स्प्रिंगची जागा कापावी लागली. म्हणजे त्याच खोक्यात स्प्रिंगचे काम अवघड झाले. याच कारणाने लहान आकाराच्या पिस्तुलांची जास्त क्षमतेची मॅगझिने आणि बेसप्लेट बदलून क्षमता वाढवलेली मॅगझिने मी काठावरची मानतो. पूर्ण आकाराच्या पिस्तुलाची आणि लष्करी रायफलींची मूळ मॅगझिने यांच्या मध्ये कुठेतरी बसतात. ती भरून ठेवण्याच्या हिशेबानेच बनवलेली असतात.

खोके कशाचे आहे, हेही पाहावे. पोलादी फीड लिप्स सतत दाबाखाली राहिल्या तरी आकार सोडत नाहीत. ॲल्युमिनियमच्या लिप्स दाबापेक्षा आपटण्याने जास्त बिघडतात. त्या फाकतात किंवा त्यांच्या मुळाशी तडा जातो. प्लास्टिकची गोष्ट वेगळी आहे. प्लास्टिक दीर्घकाळ भाराखाली राहिले तर खोलीच्या तापमानालाही सावकाश सरकून आकार बदलते, आणि भरलेल्या मॅगझिनमध्ये सगळी काडतुसे स्प्रिंगच्या जोराने त्या दोन लिप्सना खालून ढकलत असतात. अनेक पिस्तुलांच्या प्लास्टिक मॅगझिनांत आतून पोलादी अस्तर असते, ते यासाठीच. ग्लॉक पिस्तुलाच्या सुरुवातीच्या मॅगझिनांत हे अस्तर अर्धवट होते, आणि भरल्यावर ती बाजूंनी फुगत, त्यामुळे मॅगझिन सोडण्याची कळ दाबल्यावर पिस्तुलातून आपोआप खाली पडत नसत; नंतर पूर्ण अस्तराची मॅगझिने आली. मॅगपुल कंपनीने 2007 मध्ये बाजारात आणलेल्या रायफलच्या प्लास्टिक मॅगझिनसोबत एक टोपण मिळते, जे बसवले की वरचे काडतूस खाली दाबले जाते आणि लिप्सवरचा भार उतरतो. पाहा, दीर्घ साठवणुकीचा विचार करून बनवलेला हा भाग वाचवतो लिप्सना; स्प्रिंग तर त्याने उलट आणखी किंचित दाबली जाते.

दुसरी पायरी: नव्या मॅगझिनची नोंद करणे

ही पायरी जवळपास सगळे गाळतात आणि नंतर अंदाजपंचे वाद घालत बसतात. मॅगझिन नवे असताना मोजमाप घेतले नसेल तर दोन वर्षांनी स्प्रिंग बसली की नाही हे कशावरून ठरवणार?

प्रत्येक मॅगझिनच्या बुडावर रंगाच्या पेनने एक क्रमांक घालावा. मग शस्त्र रिकामे करून बाजूला ठेवावे, मॅगझिन रिकामे करावे, काडतुसे दुसऱ्या खोलीत न्यावीत आणि डोळ्यांना चष्मा लावून बेसप्लेट काढावी. स्प्रिंग उसळते, म्हणून प्लेट सरकवताना अंगठा तिच्या तोंडावर धरून ठेवावा. हा सल्ला न पाळणाऱ्याला फॉलोअर आणि आतली छोटी कुलूपपट्टी कपाटाखाली शोधत बसावे लागते. स्प्रिंग बाहेर काढण्यापूर्वी तिचे वरचे वेटोळे फॉलोअरमध्ये कसे बसले आहे आणि कोणती बाजू पुढे आहे, याचा एक फोटो काढून ठेवावा. उलटी बसवलेली स्प्रिंग फॉलोअरचे नाक खाली पाडते आणि मग निर्दोष स्प्रिंगवर खापर फुटते.

नवे मॅगझिन आधी पाच-सहा वेळा पूर्ण भरून रिकामे करावे, एक आठवडा भरलेले ठेवावे आणि त्यानंतरच स्प्रिंगची मोकळी लांबी मोजावी. पहिली बैठक होऊन गेल्यावरची ही लांबी पुढच्या तुलनेचा पाया. स्प्रिंग टेबलावर आडवी ठेवून, न ताणता पट्टीने मोजावी. व्हर्निअर कॅलिपरने फीड लिप्समधील अंतर पुढे, मध्ये आणि मागे असे तीन ठिकाणी घ्यावे. हे आकडे क्रमांकासमोर वहीत लिहावेत आणि सोबत तारीखही टाकावी. सगळे काम दहा मिनिटांचे आहे.

तिसरी पायरी: किती भरावे

शिपायांची जुनी परंपरा आहे की 20 काडतुसांच्या मॅगझिनमध्ये 18 आणि 30 च्या मॅगझिनमध्ये 28 भरायची. ती स्प्रिंग वाचवण्यासाठी पडली असे अनेकांना वाटते, पण तिचा रोजचा उपयोग वेगळा आहे. बोल्ट, म्हणजे काडतूस पुढे ढकलून मागची बाजू बंद करणारा भाग, बंद असताना पूर्ण भरलेले मॅगझिन रायफलमध्ये लावायचे तर सबंध काडतुसांची चळत थोडी खाली दबावी लागते. तेवढी जागा उरलेली नसेल तर मॅगझिन नीट अडकत नाही आणि पहिल्या गोळीनंतर खाली गळून पडते. एक-दोन काडतुसे कमी असली की हा प्रश्न येत नाही.

स्प्रिंगच्या दृष्टीने मागच्याच उदाहरणाचा हिशेब करू. 15 काडतुसांसाठी स्प्रिंग आणखी 8 सेंटिमीटर दबते, म्हणजे दर काडतुसामागे साधारण अर्धा सेंटिमीटर. एक काडतूस कमी भरले तर दाब 21 वरून सुमारे 20.5 वर येतो. भारात अडीच टक्क्यांचा फरक. दोन कमी केली तर पाच टक्के. मर्यादेच्या बरीच आत चालणाऱ्या स्प्रिंगला या पाच टक्क्यांचे सोयरसुतक नाही. काठावर असलेल्या स्प्रिंगला मात्र तेवढाच फरक मर्यादेच्या आत आणू शकतो. म्हणून माझा नियम सोपा आहे: एका रांगेचे मूळ मॅगझिन आणि पूर्ण आकाराच्या पिस्तुलाचे मूळ मॅगझिन पूर्ण भरून ठेवायला हरकत नाही, क्षमता वाढवलेल्या किंवा अतिलहान मॅगझिनमध्ये दीर्घ साठवणुकीसाठी एक काडतूस कमी, आणि रायफलच्या 30 च्या मॅगझिनमध्ये लावण्याच्या सोयीसाठी दोन कमी.

आपले मॅगझिन काठावरचे आहे का, हे ओळखण्याची एक घरगुती कसोटी आहे. रिकाम्या खोलीत डमी काडतुसांनी मॅगझिन पूर्ण भरावे आणि वरचे काडतूस अंगठ्याने खाली दाबावे. ते थोडे तरी लवचिकपणे दबले तर वेटोळ्यांमध्ये जागा शिल्लक आहे. दगडासारखे घट्ट लागले, जरासुद्धा हलले नाही, तर वेटोळी एकमेकांना टेकली आहेत. अशा मॅगझिनमधून एक काडतूस काढूनच ते ठेवावे.

शॉटगनच्या नळीसारख्या मॅगझिनची गोष्ट इथे घाईने सांगून टाकतो, कारण तिथे काळजी उलट्या बाजूची आहे. स्प्रिंग ठीक राहते, पण प्लास्टिकच्या कवचाची काडतुसे एकामागे एक दाबाखाली राहून बसकी होतात आणि बाजूने फुगतात, आणि मग चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस उडवण्यासाठी जिथे बसते त्या जागेत, अडकतात. अशी नळी भरून ठेवत असाल तर काडतुसे काही महिन्यांनी बाहेर काढून बोटांत फिरवून पाहावीत आणि आकार बदललेली वेगळी करावीत.

चौथी पायरी: ठेवायचे कसे

दाबाचा प्रश्न इतका चघळला जातो की ओलाव्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि मॅगझिनचा खरा घात तोच करतो. तारेवर गंजाचा एक खड्डा पडला की थकव्याचा तडा तिथूनच सुरू होतो. निरोगी तारेला जी हजारो आवर्तने पेलतात ती गंजलेल्या तारेला पेलत नाहीत. भरलेले मॅगझिन थंड जागेतून उबदार जागेत आणले की आतल्या धातूवर दव धरते आणि बाहेरून ते दिसतही नाही.

म्हणून मॅगझिन भरण्यापूर्वी आतून कोरड्या फडक्याने पुसावे. तेलाचा मोह टाळावा. आत तेल असले की त्यावर धूळ आणि दारूची काजळी चिकटून फॉलोअर अडू लागतो, आणि पातळ, झिरपणारे तेल काडतुसाच्या कॅपपर्यंत (बुडाशी असलेल्या, ठिणगी देणाऱ्या भागापर्यंत) पोचले तर ते काडतूस निकामी होऊ शकते. साध्या पोलादाच्या स्प्रिंगला संरक्षण हवेच असेल तर तेलाचे एकच बोट फिरवून कोरड्या फडक्याने ती पुन्हा पुसून काढावी, म्हणजे पृष्ठभागावर फक्त झाक राहते. साठवण हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह करावी, आणि पुड्या ओल्या झाल्या की बदलाव्यात. चामड्याच्या म्यानात किंवा पट्ट्यात भरलेले मॅगझिन महिनोन्महिने ठेवू नये. कमावलेल्या चामड्यातील आम्लामुळे पितळेवर हिरवा थर चढतो. उन्हात उभ्या गाडीत ठेवणेही टाळावे. उष्णतेने स्प्रिंगचे फारसे बिघडत नाही, पण प्लास्टिकच्या लिप्स लवकर सरकतात आणि काडतुसातील दारूचे आयुष्य घटते.

मॅगझिन शस्त्राबाहेर, कुलपात, मुलांच्या आणि परवाना नसलेल्या व्यक्तींच्या हाताबाहेर असावे. टोपण असेल तर लावावे. डब्यावर भरल्याची तारीख लिहावी.

भरलेल्या काडतुसांबद्दलही एक सावधगिरी. रोज शस्त्र भरून रोज रिकामे करणारे लोक वरचे तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये घालतात. प्रत्येक वेळी गोळीचे टोक चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर आपटते आणि ती कवचात किंचित आत सरकू शकते. आत सरकलेल्या गोळीमागे दारूला जागा कमी उरते आणि उडवताना दाब धोकादायक वाढू शकतो. अशा काडतुसाच्या बुडावर पेनने खूण करावी, काडतुसांच्या त्याच पाकिटातल्या न वापरलेल्या काडतुसाशेजारी सपाट जागेवर उभे करून उंची पडताळावी आणि ते जरा जरी बुटके दिसले तर बाजूला काढावे. मॅगझिनची चिंता करणाऱ्यांपैकी अर्ध्यांनी ही चिंता आधी करावी, असे माझे मत आहे.

पाचवी पायरी: तपासणी

वर्षातून एकदा, आणि मॅगझिन कठीण जमिनीवर पडले असेल तर त्याच दिवशी, तपासणी करावी. मॅगझिन रिकामे करून लिप्सच्या मुळाशी बॅटरीचा तिरपा उजेड टाकून तडा दिसतो का ते पाहावे. अंतर मोजून वहीतल्या आकड्याशी ताडावे. फॉलोअर बोटाने तळापर्यंत दाबून सोडावा. तो न अडखळता वर आला पाहिजे. स्प्रिंग काढून लांबी मोजावी आणि गंज शोधावा. लांबी थोडी कमी भरली म्हणून लगेच घाबरू नये. किती टक्के कमी म्हणजे स्प्रिंग बाद, असा सर्व मॅगझिनांना लागू होणारा एकच आकडा नाही. लांबी वर्षागणिक घटत राहिली तर ती चिंतेची गोष्ट, एकदा घटून तिथेच थांबली तर नाही.

शेवटचा निवाडा मात्र नेमबाजीच्या मैदानावरच होतो. साठवलेले मॅगझिन जसेच्या तसे नेऊन झाडावे आणि शेवटच्या दोन-तीन काडतुसांकडे लक्ष द्यावे. मॅगझिन संपत आले की स्प्रिंगचा जोर सर्वांत कमी उरलेला असतो, म्हणून दुबळी स्प्रिंग तिथेच उघडी पडते: काडतूस वेळेवर वर येत नाही, बोल्ट त्याच्या बुडाऐवजी मध्यावर आपटतो किंवा त्याच्यावरून रिकामाच पुढे जातो, गोळीचे नाक खाली पडते, किंवा मॅगझिन संपल्यावर स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) मागे अडकून राहत नाही. पहिल्या एक-दोन काडतुसांनाच अडथळा येत असेल तर स्प्रिंग दुबळी नाही. मॅगझिन जास्तच ठासून भरलेले आहे. आणि मधूनच काडतूस वर उसळून दोन काडतुसे एकदम सुटत असतील तर लिप्सकडे पाहावे.

हे तिसरे लक्षण मला स्वतःला महागात पडून कळले. माझे क्रमांक चारचे मॅगझिन वर्षभर भरलेले होते, आणि ते मैदानावर मध्येच अडू लागल्यावर मी डोळे झाकून दोष स्प्रिंगला दिला. नवी स्प्रिंग आणून बसवली, अडथळा तसाच. आणखी एक, जास्त जोराची आणली, अडथळा वाढला. शेवटी क्रमांक तीनच्या मॅगझिनशेजारी ते तोंडाकडून धरून पाहिले तेव्हा डावी लिप मागच्या टोकाला किंचित बाहेर गेलेली दिसली, अगदी नखाच्या जाडीइतकी. मग आठवले की काही महिन्यांपूर्वी ते भरलेले असताना काँक्रीटवर तोंडावर पडले होते. जुनी स्प्रिंग मी क्रमांक सातमध्ये घातली आणि ती तिथे आजही विनातक्रार चालते.

तेव्हापासून दोष शोधण्याचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी दुसरे मॅगझिन त्याच शस्त्रात लावून पाहायचे. अडथळा सगळ्याच मॅगझिनांना येत असेल तर दोष शस्त्रात किंवा काडतुसांत आहे. एकाच मॅगझिनला येत असेल तर त्याच बनावटीच्या चांगल्या मॅगझिनशी स्प्रिंगची अदलाबदल करायची. अडथळा स्प्रिंगबरोबर गेला तर स्प्रिंग बदलायची. तो खोक्यातच राहिला तर खोके, लिप्स किंवा फॉलोअर दोषी. पैसे खर्च करण्यापूर्वी करायची ही चाचणी आहे.

बदलताना

स्प्रिंग हा मॅगझिनचा स्वस्त आणि बदलण्यासाठीच असलेला भाग आहे. तो वाचवण्यासाठी आयुष्य खर्ची घालू नये. वरची लक्षणे दिसली, गंजाचे खड्डे दिसले किंवा लांबी सतत घटताना दिसली की त्याच मॅगझिनसाठी बनवलेली नवी स्प्रिंग घालावी. जास्त जोराची स्प्रिंग नेहमी चांगलीच असे नाही. तिच्यामुळे वरचे काडतूस लिप्सना घट्ट दाबले जाते, स्लाइडला ते सोडवायला जास्त बळ लागते आणि मॅगझिन भरणेही अवघड होते. बोटांनी किंवा पक्कडीने ताणून लांब केलेली स्प्रिंग काही दिवस चालल्यासारखी वाटते आणि पुन्हा बसते, कारण ताणताना तार पुन्हा एकदा मर्यादेपलीकडे गेलेली असते.

लिप्स फाकलेल्या किंवा तडकलेल्या असतील तर बहुतेक मॅगझिनांसाठी दुरुस्तीचा नाद सोडावा. पोलादी लिप्स जाणकार कारागीर साच्यावर पूर्ववत करू शकतो. ॲल्युमिनियमच्या पुन्हा वाकवल्या की तडकतात आणि प्लास्टिकला तर उपायच नाही. असे मॅगझिन कपाटात परत गेले की सहा महिन्यांनी ते कसे होते हे कोणाला आठवत नाही आणि नेमके नको त्या दिवशी तेच हातात येते. म्हणून त्यातली चांगली स्प्रिंग, फॉलोअर आणि बेसप्लेट सुट्या भागांच्या डब्यात टाकावेत, खोक्याच्या लिप्स पक्कडीने चेपून टाकाव्यात आणि वहीतल्या त्याच्या क्रमांकावर काट मारावी.